जिवाणूंना मोजका ताण देऊन एन्झाइमचे उत्पादन कसे वाढवावे

'ताण दिला की एन्झाइम वाढते' हे वाक्य किण्वनाच्या प्रयोगांत इतके रुळले आहे की मिठाच्या चार टक्केवाऱ्या आणि तापमानाचे तीन आकडे ठरवून फ्लास्कची रांग थेट शेकरवर (फ्लास्क सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर) चढवली जाते. मग आलेख कधी वर जातो, कधी खाली येतो आणि दोन्हींचे कारण सांगता येत नाही. ताणाचा खरोखर उपयोग करून घ्यायचा असेल तर तीन प्रश्नांची उत्तरे आधी हाती हवीत: हवे असलेले एन्झाइम जिवाणू कोणत्या वेळी आणि कशासाठी बनवतो, त्या विशिष्ट जिवाणूला ताण म्हणजे नेमके काय, आणि दिसलेली वाढ खरी आहे हे कशावरून ओळखायचे. पुढील विवेचन रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील महाविद्यालयीन प्रयोगशाळा व लहान उत्पादक डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. उदाहरणासाठी बॅसिलस गटातील जिवाणू आणि त्याचे प्रोटीएज, म्हणजे प्रथिने फोडणारे एन्झाइम, घेतले आहे, कारण हे एन्झाइम पेशीबाहेर सोडले जाते, मोजायला सोपे आहे आणि डिटर्जंटपासून मासळीच्या टाकाऊ भागातील प्रथिने सोडवण्यापर्यंत त्याला मागणी आहे.

जिवाणू कोठून घ्यावा

एका जिवाणूला जो ताण, ते दुसऱ्याचे घर असते. म्हणून स्रोताचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. कोकणपट्टीत या बाबतीत निवडीला तोटा नाही. भरतीच्या पाण्याने खारावलेली खाजणे, पेण-उरणकडची आणि वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याची मिठागरे, मासळी सुकवण्याच्या जागा, दापोली तालुक्यातील उन्हवरे आणि संगमेश्वर तालुक्यातील तुरळ व राजवाडी येथील गरम पाण्याचे झरे, असे परस्परांपासून अगदी भिन्न अधिवास येथे थोड्या अंतरावर सापडतात. मात्र उन्हवऱ्याच्या झऱ्यातून काढलेल्या उष्णताप्रिय जिवाणूला ५५ अंश सेल्सिअस हा ताण नव्हे. त्याला ३७ अंशांवर ठेवले तर तो वाढणारच नाही किंवा रखडत वाढेल. मिठागराच्या ज्या वाफ्यात मीठ खडे धरते तेथे मिठाचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले असते आणि तेथील बरेच रहिवासी जिवाणू नसून हॅलोआर्किया (जिवाणूंहून वेगळ्या गटाचे मीठप्रिय सूक्ष्मजीव) असतात. त्यांना किमान ९-१० टक्के मीठ लागते आणि गोड्या पाण्यात त्यांच्या पेशी फुटतात. अशा स्ट्रेनला (एका स्रोतातून वेगळ्या काढलेल्या वाणाला) '६ टक्के मिठाचा ताण' देण्याला काही अर्थ उरत नाही.

मिठाच्या ताणाचा अभ्यास करायचा असेल तर माझी पसंती खाजणातील मातीला आहे. तेथे पावसाळ्यात मीठ धुऊन जाते आणि वैशाखात पृष्ठभागावर पांढरा खार फुटतो. या चढउतारात वर्षानुवर्षे टिकलेले जिवाणू मिठावाचून वाढतात आणि मीठ वाढले तरी तग धरतात, म्हणजेच ताण असलेली आणि नसलेली अशा दोन्ही स्थिती एकाच स्ट्रेनमध्ये तुलनेसाठी मिळतात. खारजमिनीच्या स्वरूपाविषयी माहिती हवी असल्यास पनवेलचे खार जमीन संशोधन केंद्र जवळच आहे. कांदळवनातील नमुना घ्यायचा असेल तर वन विभागाची परवानगी आधी घ्यावी, आणि मिळालेल्या स्ट्रेनचा पुढे व्यापारी वापर होणार असेल तर २००२ च्या जैविक विविधता कायद्याच्या तरतुदीही सुरुवातीलाच पाहून ठेवाव्यात.

नमुना पाच ते दहा सेंटिमीटर खोलीवरून निर्जंतुक नळीत घ्यावा, मिठाच्या पाण्यात ढवळावा आणि ते मिश्रण ८० अंशांवर दहा मिनिटे ठेवावे. या उष्णतेत बीजाणू (उष्णता सोसणारे सुप्त रूप) न बनवणारे जिवाणू मरतात आणि बॅसिलससारखे बीजाणूधारी उरतात. ही पायरी किनाऱ्यावर विशेष महत्त्वाची आहे, कारण खाडीच्या पाण्यात व्हिब्रिओ गटाचे जिवाणू नेहमीच असतात आणि त्यांतील काही माणसाला अपायकारक आहेत. उरलेले मिश्रण स्किम मिल्क अगारवर (साय काढलेले दूध घातलेल्या घट्ट माध्यमावर) पसरले की प्रोटीएज सोडणाऱ्या वसाहतींभोवती पारदर्शक कडे दिसते. बॅसिलस सेरियस मात्र या उष्णतेतून सुखरूप सुटतो आणि दुधाच्या अगारवर मोठी कडीही दाखवतो. त्यामुळे निवडलेली प्रत्येक वसाहत अंड्याच्या बलकाच्या अगारवर आणि रक्त अगारवर तपासावी. बलकावर गढूळ कडे आणि रक्तावर ठळक विघटन दिसले तर ती वसाहत सोडून द्यावी. त्यानंतरच १६एस आरआरएनए या, जिवाणूंची जात ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाच्या क्रमावरून ओळख पटवून घ्यावी. एवढा खटाटोप टाळायचा असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून बॅसिलस सबटिलिस किंवा बॅसिलस लायकेनिफॉर्मिसचा ओळखलेला स्ट्रेन मागवणे हा सरळ मार्ग आहे.

ताणाआधीची वाढ-रेषा

ताण केव्हा द्यायचा हे जिवाणूच्या निर्वेध वाढीच्या नोंदींवरून ठरते, म्हणून पहिला प्रयोग ताणाविनाच करावा. एक लिटर माध्यमात ग्लुकोज ५ ग्रॅम, पेप्टोन ५ ग्रॅम, यीस्ट अर्क २ ग्रॅम, केसिन ५ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट १ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम घ्यावे व पीएच ७.५ ठेवावा. ग्लुकोज वेगळे ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करावे. कॅल्शियम क्लोराइड ०.१ ग्रॅम घालायचे तेही वेगळे निर्जंतुक करून गार माध्यमात घालावे, कारण फॉस्फेटबरोबर तापवले की त्याचा साका तळाशी बसतो. कॅल्शियम वगळू नये; बॅसिलसचे अल्कलाइन (उच्च पीएचला काम करणारे) प्रोटीएज कॅल्शियमच्या आधारावर टिकते आणि ते कमी पडले तर तयार झालेले एन्झाइमच लवकर निकामी होते.

२५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिलिटर माध्यम, त्यात दोन टक्के इनॉक्युलम (आधी वाढवलेले जिवाणूंचे विरजण), ३७ अंश तापमान आणि मिनिटाला १५० ते १८० फेरे अशी मांडणी करून दर तीन-चार तासांनी ४८ तासांपर्यंत नमुने घ्यावेत. प्रत्येक नमुन्यातील गढूळपणा, जिवंत पेशींची संख्या, उरलेले ग्लुकोज, पीएच आणि प्रोटीएज अशा पाच नोंदी एकाच तक्त्यात आल्या पाहिजेत. बहुतेक वेळा असे दिसेल की पेशी भरभर वाढत असताना प्रोटीएज जवळपास नसते आणि ग्लुकोज संपून वाढ मंदावू लागली की ते अचानक चढते. हा चढ कोणत्या तासाला सुरू होतो तो आकडा वहीत ठळक लिहून ठेवावा. पुढच्या सगळ्या प्रयोगांचे वेळापत्रक त्यावरच बेतायचे आहे.

कोणता ताण निवडावा

सबटिलिसमध्ये उष्णता, मीठ, आम्ल, अल्कोहोल किंवा उपासमार यांपैकी काहीही वाट्याला आले की सिग्मा-बी नावाचा घटक शंभराहून अधिक जनुके एकदम सुरू करतो. ही जनुके मुख्यतः पेशीच्या स्वसंरक्षणाची आहेत. त्यांच्या यादीत आपल्याला हवे असलेले पेशीबाहेरचे एन्झाइम असेलच असे नाही. प्रोटीएजची सूत्रे प्रामुख्याने दुसऱ्या नियंत्रकांकडे असतात. हे नियंत्रक वाढ थांबण्याच्या संधिकाळी जागे होतात आणि भोवती साखर व अमिनो आम्ले भरपूर असतील तर दबून राहतात. त्यामुळे प्रोटीएज आणि अमायलेजसाठी (स्टार्च फोडणाऱ्या एन्झाइमसाठी) सर्वांत भरवशाचा ताण म्हणजे उपासमार, आणि तीही मोजून दिलेली.

उपासमारीचा वापर करण्याचा साधा मार्ग म्हणजे ग्लुकोज सुरुवातीला पाच ग्रॅमच्या आत ठेवणे आणि ते संपल्यावर पुन्हा न ओतणे. लिटरला वीस ग्रॅम ग्लुकोज घालून 'पेशी जास्त, म्हणून एन्झाइम जास्त' असा हिशेब केला की एन्झाइम दबलेलेच राहते आणि आम्ल साचून पीएच घसरतो ते वेगळेच. याच्या पुढची पायरी म्हणजे ग्लुकोजऐवजी स्टार्चसारखा हळूहळू सुटणारा कर्बस्रोत देणे, किंवा पेरिस्टाल्टिक पंपाने (नळी दाबत द्रव थोडे थोडे पुढे ढकलणाऱ्या पंपाने) ग्लुकोजचे द्रावण इतक्या संथ गतीने सोडणे की माध्यमात ते कधीच साठून राहणार नाही. पेशी जिवंत आणि कामात राहतात, पण पोटभर कधीच मिळत नाही, आणि या स्थितीत त्या बराच काळ एन्झाइम सोडत राहतात. ज्यांच्याकडे पंप नाही त्यांनी दर दोन तासांनी निर्जंतुक पिपेटने थोडे थोडे ग्लुकोज घालून पाहिले तरी दिशा कळते. नत्राच्या बाबतीत अमोनियम क्षार आणि तयार अमिनो आम्ले सढळ हाताने घालू नयेत. केसिन किंवा सोयापेंडीसारखे गुंतागुंतीचे प्रथिन द्यावे, म्हणजे ते फोडण्यासाठी जिवाणूला प्रोटीएज लागेल.

येथे एक घोळ नेहमी होतो, म्हणून सांगून ठेवतो. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरातून आणलेली कोलंबीची टरफले वाळवून, दळून माध्यमात घातली आणि कायटिनेज (कायटिन फोडणारे एन्झाइम) वाढले, तर ती वाढ ताणाची नाही. टरफलातील कायटिन हे त्या एन्झाइमचे भक्ष्य आहे आणि भक्ष्याच्या हजेरीने एन्झाइमची प्रेरणा होते. प्रयोग उत्तमच आहे, पण अहवालात त्याला ताणाच्या रकान्यात बसवू नये.

उष्णतेचा ताण द्यायचा तर ३७ अंशांवर वाढलेले कल्चर वाढीच्या अखेरीस ४२ किंवा ४५ अंशांवर न्यावे. पेशीबाहेर सोडलेले प्रथिन पटलापलीकडे गेल्यावर नीट घडी पडून उभे राहावे लागते. उष्णतेत ही घडी बिघडते आणि बिघडलेल्या प्रथिनांचा निकाल लावणारी पहारेकरी प्रोटीएजे सबटिलिसमध्ये जागी होतात. स्रावाचा भार आधीच खूप असेल, विशेषतः बाहेरचे जनुक घालून दुसऱ्या जिवाणूचे अमायलेज बनवून घेतले जात असेल, तर उष्णतेने उत्पादन वाढण्याऐवजी तयार माल पेशीच्या दाराशीच नष्ट होण्याचा संभव अधिक असतो. उलट, ई. कोलायमध्ये परके एन्झाइम बनवताना तापमान ३७ वरून १८ ते २५ अंशांपर्यंत खाली आणण्याची रीत आहे, कारण संथ गतीत प्रथिनाची घडी नीट पडते आणि निरुपयोगी गोळे कमी होतात. पीएचचा ताण मुख्यतः अल्कप्रिय (उच्च पीएचला वाढणाऱ्या) बॅसिलससाठी उपयोगी आहे. सोडियम कार्बोनेट वेगळे निर्जंतुक करून पीएच ९ ते १० वर न्यावा. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि इथेनॉल यांचे ताण अभ्यासाला रंजक असले तरी प्रोटीएजच्या उत्पादनासाठी मी त्यांच्या वाटेला जाणार नाही.

मिठाचा ताण

कोकणात हा ताण सर्वांना प्रथम सुचतो आणि नेमका हाच सर्वांत फसवा आहे. बॅसिलस सबटिलिसवर १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या कामातून असे दिसले की अतिखारट माध्यमात लेव्हानसुक्रेज (साखरेवर काम करणारे) या एन्झाइमच्या जनुकाची अभिव्यक्ती, म्हणजे त्याचे काम, जोरदार वाढते आणि अल्कलाइन प्रोटीएजच्या जनुकाची तितकीच ठळकपणे घटते. एकाच पेशीत एकाच मिठाने एक एन्झाइम वर गेले आणि दुसरे खाली आले. म्हणून प्रयोगशाळेतील सबटिलिस घेऊन प्रोटीएजसाठी मीठ घालणारा बहुधा निराश होईल, तर खाजणातील मीठसह किंवा मिठागराच्या कडेचा मीठप्रिय स्ट्रेन घेणाऱ्याला मीठ असतानाच कमाल प्रोटीएज मिळण्याची शक्यता असते. आपला स्ट्रेन कोणत्या बाजूचा आहे हे वाढ-रेषेवरून ठरवावे: ०, २, ४, ६, ८ आणि १० टक्के मिठात वाढीचा वेग मोजावा आणि वेग निम्म्यावर येतो ते प्रमाण त्या स्ट्रेनसाठी 'ताण' मानावे.

पहिल्या क्षणापासून मीठ असेल तर पेशी कमी भरतात, म्हणून ताण दोन टप्प्यांत द्यावा. आधी मिठाविना, किंवा स्ट्रेनला आवडेल तेवढ्याच मिठात, पेशी भरू द्याव्यात आणि मग मीठ वाढवावे. मीठ घालण्याच्या पद्धतीत बारीक चुका होतात. समजा ५० मिलिलिटर माध्यमात आधी अर्धा टक्का मीठ आहे आणि ३० टक्क्यांच्या निर्जंतुक द्रावणाने ते ६ टक्क्यांवर न्यायचे आहे. त्यासाठी सुमारे ११.५ मिलिलिटर द्रावण लागेल. म्हणजे मीठ वाढताना पेशी, एन्झाइम आणि अन्न यांचे प्रमाण जवळपास एक पंचमांशाने पातळ होते, आणि कंट्रोल (ताण न दिलेल्या, तुलनेच्या) फ्लास्कमध्ये तितकेच निर्जंतुक पाणी घातले नाही तर तुलनाच मोडते. त्याऐवजी कोरडे मीठ लहान नळ्यांत मोजून, गरम हवेच्या ओव्हनमध्ये १६० अंशांवर दोन तास ठेवून निर्जंतुक करावे आणि ज्योतीजवळ फ्लास्कमध्ये सोडावे. वरच्या उदाहरणात २.७५ ग्रॅम मीठ पुरते. ते एकदम न टाकता अर्ध्या तासाच्या अंतराने दोन-तीन हप्त्यांत टाकले तर पेशींना सावरायला वेळ मिळतो. एकदम टाकलेला धक्का हा वेगळा प्रयोग समजून वेगळा नोंदवावा.

प्रयोगासाठी शुद्ध सोडियम क्लोराइडच वापरावे. मिठागरातल्या खडेमिठात मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्षार असतात, ते फॉस्फेटशी साका धरतात आणि कॅल्शियममुळे प्रोटीएज अधिक टिकल्याचा परिणाम मिठाच्या नावावर खपतो. परिणाम सोडियमचा की एकूण क्षारतेचा, हे पाहण्यासाठी एक फ्लास्क तितक्याच मोलर पोटॅशियम क्लोराइडचा ठेवावा. ६ ग्रॅम सोडियम क्लोराइडला साधारण ७.७ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड समतुल्य आहे.

माध्यमाकडेही पुन्हा पाहावे लागते. खारट पाण्यात पेशी आतून प्रोलिन, ग्लायसिन बीटाइन यांसारखे रेणू साठवून पाण्याचा तोल सांभाळते. यीस्ट अर्कात ग्लायसिन बीटाइन तयारच मिळते, आणि कवचधारी जलचरांच्या मांसात तर ते भरपूर असते. त्यामुळे स्वस्त नत्रस्रोत म्हणून जवळ्याची पूड घातलेल्या माध्यमात सहा टक्के मीठही पेशीला विशेष जाणवणार नाही. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा पुष्कळदा कारण इतके साधे असते. याचाच तपासणीसाठी उपयोग करता येतो: खारट फ्लास्कमध्ये १ मिलिमोलर ग्लायसिन बीटाइन घालावे, आणि त्याने मिठाचा परिणाम मावळला तर तो क्षारतेच्या ताणाचाच होता असे मानायला आधार मिळतो.

वेळ आणि प्रमाण दोन्ही एकाच दमात तपासायला गेले की फ्लास्क छत्तीसच्या घरात जातात आणि शेकर पुरत नाही. आधी वेग निम्म्यावर आणणारे एकच प्रमाण (समजा ४ टक्के) धरून मीठ देण्याच्या तीन वेळा तपासाव्यात: ग्लुकोज संपण्याच्या दोन तास आधी, संपताना, आणि नंतर चार तासांनी. त्यासोबत मिठाविना एक आणि सुरुवातीपासून मीठ असलेला एक अशा पाच मांडण्या, प्रत्येकी तीन स्वतंत्र फ्लास्क, म्हणजे पंधरा फ्लास्क होतात. एकाच फ्लास्कमधून तीनदा घेतलेले वाचन म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. योग्य वेळ सापडल्यावर प्रमाण बदलावे, आणि अनेक घटक एकत्र जुळवायचे असतील तर त्यानंतर प्लॅकेट-बर्मन व बॉक्स-बेनकेन यांसारख्या, अनेक घटक एकत्र तपासणाऱ्या संख्याशास्त्रीय आखणींकडे वळावे. वाढ-रेषा हाती नसताना संगणकावर आखणी करून मिळालेले सुबक पृष्ठ-आलेख मला तरी विश्वासार्ह वाटत नाहीत.

मोजमाप

प्रोटीएजसाठी केसिन, ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्ल आणि फोलिन अभिकारक यांची परिचित पद्धत पुरेशी आहे. सुटलेले टायरोसिन ६६० नॅनोमीटरवर मोजतात. अल्कलाइन प्रोटीएज असेल तर केसिनचे द्रावण पीएच ९ च्या आसपासच्या बफरमध्ये करावे. खारट नमुन्यातले मीठ खुद्द एन्झाइमच्या क्रियेवर परिणाम करते, म्हणून सर्व नमुन्यांतील मीठ समान करून मगच मोजावे: एकतर वीसपट विरलता करावी, ज्याने सहा टक्के मीठ ०.३ टक्क्यांवर येते, किंवा कंट्रोलच्या नमुन्यात मोजताना तितकेच मीठ घालावे. कोऱ्या नळीत एन्झाइम ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्लानंतर घालायचे असते. माध्यमातले पेप्टोन आणि केसिनही फोलिनला रंग देतात, त्यामुळे प्रत्येक नमुन्याची कोरी नळी वेगळी हवी.

गढूळपणावरून पेशी मोजतानाही जपावे. मीठ वाढले की पेशीतले पाणी बाहेर जाऊन ती आक्रसते आणि पेशींची संख्या तीच राहूनही स्पेक्ट्रोफोटोमीटरचा आकडा बदलतो. शुष्क वजनात मिठाचे कण मिसळतात आणि ते घालवण्यासाठी साध्या पाण्याने धुतले तर पेशी फुटतात. अशा वेळी सेंट्रिफ्यूज केलेल्या पेशी अल्कलीत उकळून त्यांतील प्रथिन मोजणे किंवा वसाहती मोजणे अधिक भरवशाचे ठरते.

आता मुख्य हिशेब. समजा कंट्रोलमध्ये मिलिलिटरला १२० युनिट एन्झाइम आणि लिटरला ४ ग्रॅम पेशी मिळाल्या. ताण दिलेल्या फ्लास्कमध्ये ९० युनिट आणि २ ग्रॅम पेशी. ग्रॅम पेशींमागे पाहिले तर कंट्रोलला ३०,००० आणि ताणाला ४५,००० युनिट, म्हणजे दीडपट वाढ झाली. लिटरमागे पाहिले तर एक चतुर्थांश घट झाली. शिवाय कंट्रोलने कमाल ३६ तासांत गाठली आणि ताणाने ४८ तासांत, तर तासामागचे उत्पादन ३.३ विरुद्ध १.९ युनिट येते. पहिला आकडा संशोधनाच्या दृष्टीने खरा आहे. टाकीचे भाडे आणि वीजबिल भरणाऱ्याला दुसरा आणि तिसरा आकडा लागतो. अहवालात तिन्ही आकडे द्यावेत. दोन टप्प्यांची पद्धत नेमकी यासाठीच आहे: ४ ग्रॅम पेशी हातात ठेवून ग्रॅममागचे उत्पादन वाढवता आले तरच एकूण माल वाढतो.

दिसलेली वाढ खरी असली तरी ती स्रावाची आहे की पेशी फुटल्याची, हेही पाहावे लागते. तीव्र ताणात पेशी फुटून आतली प्रोटीएजे बाहेर येतात आणि आलेख वर जातो. पेशी वेगळ्या केल्यानंतरच्या द्रवात ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजिनेजसारखे फक्त पेशीच्या आत असणारे एन्झाइम सापडते का ते तपासावे, किंवा २६० नॅनोमीटरवरील शोषण कंट्रोलच्या तुलनेत किती वाढले ते पाहावे. ही एक तपासणी न करता केलेला दावा मी मान्य करणार नाही.

न मागता मिळणारे ताण

मिठामुळे पाण्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. शुद्ध पाण्यात ३७ अंशांवर तो लिटरला सुमारे ६.७ मिलिग्रॅम असतो. समुद्राच्या पाण्याइतक्या, म्हणजे साडेतीन टक्के क्षारतेला त्यात जवळपास पाचव्या हिश्श्याची घट होते. खारट फ्लास्कला अशा रीतीने मिठासोबत प्राणवायूच्या कमतरतेचाही ताण पडतो. २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ५० ऐवजी २५ मिलिलिटर माध्यम घेऊन तोच प्रयोग केला की हा भाग वेगळा काढता येतो.

वीज गेल्यावर शेकर थांबतो आणि दाट वाढलेले कल्चर उरलेला प्राणवायू काही मिनिटांत संपवते. वीज केव्हा गेली आणि केव्हा आली याची वेळ वहीत लिहावी, आणि एन्झाइम चढण्याच्या काळात खंड पडला असेल तर ती तुकडी बाद करावी. जून ते सप्टेंबरात हवा इतकी दमट असते की कापसाचे बोळे ओलसर होतात आणि बुरशीला आत येण्याची वाट मिळते. या दिवसांत बोळ्यांवर ॲल्युमिनियम फॉइल बांधावे, पेप्टोन आणि यीस्ट अर्काच्या बाटल्या सिलिका जेलसह घट्ट बंद ठेवाव्यात आणि गोळे धरलेली पूड वजनासाठी वापरू नये, कारण त्या वजनातला काही भाग पाण्याचाच असतो. कोरडे निर्जंतुक मीठही याच कारणाने वापराच्या दिवशीच तयार करावे. एप्रिल-मे महिन्यांत थंड करण्याची सोय नसलेला शेकर ३० अंशांवर राहू शकत नाही. त्या काळात पट्टीवरचा आकडा न पाहता फ्लास्कमधील पाण्यात थर्मामीटर बुडवून तापमान घ्यावे, नाहीतर कंट्रोललाच उष्णतेचा ताण बसतो.

मोठ्या टाकीत नेताना

फ्लास्कमध्ये उपयोगी ठरलेला मिठाचा ताण टाकीत नेण्याआधी धातूचा विचार करावा. क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलला सूक्ष्म खड्डे पडतात, ३०४ दर्जाच्या पोलादाला तर लवकरच, आणि निर्जंतुकीकरणाच्या उष्णतेत हा परिणाम वाढतो. मीठ माध्यमासोबत टाकीत तापवण्यापेक्षा वेगळे निर्जंतुक करून ताणाच्या वेळी सोडणे टाकीच्या आयुष्यासाठीही हिताचे आहे. प्रत्येक खेपेनंतर टाकी गोड्या पाण्याने ताबडतोब धुवावी. पुढे एन्झाइम सांद्र करताना अल्ट्राफिल्ट्रेशनमध्ये (अतिसूक्ष्म छिद्रांच्या पटलातून गाळताना) मीठ काढण्याची एक जास्तीची फेरी लागते, तिचा खर्च वाढीव उत्पादनातून वजा करावा.

वापरलेले द्रव एक टक्का हायपोक्लोराइटने किंवा ऑटोक्लेव्ह करून निर्जीव केल्याशिवाय बाहेर सोडू नये. खारट सांडपाणी भाताच्या खाचरात किंवा विहिरीच्या परिसरात जाता कामा नये. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा दिलेली असते आणि मिठाच्या ताणाची पद्धत निवडताना ती मर्यादा पहिल्याच दिवशी वाचलेली असावी. ती पाळणे परवडत नसेल तर ग्लुकोजच्या संथ पुरवठ्याने होणारी वाढ मिठापेक्षा थोडी कमी असली तरी तीच स्वीकारावी, कारण तिला वेगळे पोलादही लागत नाही आणि वेगळे सांडपाणीही निघत नाही.